नाचरं कोकरू

मुंबई, १२ नोव्हेंबर १९९१

अक्का,

तुला आणि मायला लांबूनच पाया पडतो. दिवाळीला आलो नाही म्हणून रागावली असशील, पण कारण ऐकलंस की राग जाईल. कंपनीने मला डायरेक्टर केलंय. सेलूच्या फोटो स्टुडिओत लग्नाचं शूटिंग करायचो तेव्हा नवरीच्या मामाला 'जरा सरका' म्हणायचीसुद्धा माझी छाती नव्हती. आता आठ गावरान गाण्यांची अख्खी व्हिडिओ कॅसेट माझ्या हातात आहे.

गेली तीन वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली इथे काय काय पाहिलं, ते सांगितलं तर तू थुंकशील. गाणं शेताचं आणि शेत म्हणजे कुठल्या तरी बंगल्याची बाग. ज्वारी काढायच्या गाण्यात पोरगी विळा उलटा धरते आणि डायरेक्टर म्हणतो, 'चालतंय, पब्लिकला कुठं कळतंय.' परवा एका गाण्यात धनगर होता, अंगावर घोंगडीच्या जागी गोणपाट. मेंढरं नव्हतीच. दोन शेळ्या खाटकाकडून भाड्याने आणल्या होत्या. गाणं संपलं तसा तो त्या परत घेऊन गेला, आणि त्यांच्या कपाळावरचं कुंकूसुद्धा कुणी पुसलं नव्हतं. त्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरला नाही. अशी शिसारी येते अक्का, की वाटतं कॅमेरा टाकावा आणि सरळ गाडीत बसावं.

म्हणून कंपनीच्या शेटजींना मी सांगितलं, माझ्या कॅसेटमध्ये सोंग चालणार नाही. खरा माळ, खरी घोंगडी, खरी मेंढरं. ते हसले, पण हो म्हणाले. तुझा कळप मला एक दिवस दे. पेडगावचा आपला माळ मला सगळ्या देशाला दाखवायचाय.

तुझा
मल्हारी


पेडगाव, २३ नोव्हेंबर १९९१

डायरेक्टर साहेबांना बहिणीकडून पुष्कळ पुष्कळ आशीर्वाद.

तुझं पत्र मायला दोनदा वाचून दाखवलं. तिने विचारलं, डायरेक्टर काय काम करतो. मी सांगितलं, दुसऱ्याला नाच म्हणतो आणि आपण खुर्चीत बसतो. ती म्हणाली, 'मंग लय बरं काम हाय की.' तुझ्या दाजींनी तर गावभर सांगून टाकलंय. पारावर सध्या दुसरा विषय नाही.

कळप देईन. घरचा कळप घरच्या पोराला द्यायचा नाही तर कुणाला? पण आत्ता नाही. मेंढ्या व्यायला लागल्यात. पंधरा कोकरं झालीत, अजून होतील. ती दोन महिन्यांची होऊन पाल्याला तोंड लावू देत, मग ये आणि पाहिजे तितकं शूटिंग कर. तोवर परकी माणसं मेंढवाड्यात नकोत. शहरातली माणसं कोकरू दिसलं की उचलून गालाला लावतात.

हे मी तुला सांगायला नको खरं तर. नऊ वर्षांचा असताना जत्रेतून अत्तराचा फाया आणला होतास आणि लाडाने एका कोकराच्या अंगाला चोळला होतास. तास-दोन तासात काय झालं ते आठवतं ना? त्याच्या आईने हुंगलं आणि ढुशी मारून लांब फेकलं. मग ते दुसरीकडे गेलं, तिसरीकडे गेलं, कळपभर उड्या मारत फिरलं. तू टाळ्या वाजवून म्हणालास, 'अक्का, बघ, नाचायलंय!' आबाने तुझ्या कानाखाली एक दिली आणि सांगितलं की ते नाचत नाही, भुकेलंय. मेंढी आपलं लेकरू डोळ्याने नाही, नाकाने ओळखते. चार दिवस आबाने तुला त्या मेंढीचा मागचा पाय धरून बसवलं होतं, तेव्हा कुठे तिने त्याला जवळ घेतलं. रडून रडून तुझे डोळे सुजले होते.

मायची नजर अधू व्हायला लागलीय. बाकी सगळं ठीक.

तुझी
अक्का


मुंबई, ३ डिसेंबर १९९१

अक्का,

घाईत लिहितोय. दोन महिने कंपनी थांबत नाही. हिरोईनला तेवढेच दोन दिवस मोकळे आहेत, १४ आणि १५ डिसेंबर. दाजींना वेगळं पत्र टाकलं होतं, त्यांचा होकार आला. तू सरजाच्या बाळंतपणाला चारठाण्याला जाणार असं त्यांनी कळवलंय. तू निर्धास्त जा, भाचीला माझा आशीर्वाद सांग. तिच्या लग्नाला शूटिंगमुळे येता आलं नाही, ते अजून मनाला लागून आहे.

कोकरांना कुणाचा हात लागणार नाही. आबाची शपथ.

मल्हारी


पेडगाव, २७ डिसेंबर १९९१

मल्हारी,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, म्हणून लिहीत नाही.

मी १७ तारखेला चारठाण्याहून परत आले. वाड्याशी आले तर माझीच मेंढरं मला ओळखू येईनात. सगळा कळप पांढरा. काळ्याभोर मेंढरांना तुम्ही चुना फासलात. चुन्यात डिंक घातलात आणि वरून वासाच्या पावडरीचे डबे रिकामे केलेत. तेवीस डबे कुंपणाशी पडले होते, अजून पडलेत. तुझ्या दाजींना विचारलं तर ते मान खाली घालून सांगतात की शूटिंगची पोरं म्हणाली पाण्याने निघतं, आणि त्या बाईला मेंढरांच्या वासाने ओकारी यायची म्हणून पावडर टाकली. तिला माझ्या मेंढरांची ओकारी आली म्हणे. मला तुमची आली. दाजींना तुम्ही खुर्ची दिलीत, काळा चष्मा दिलात, चहा पाजलात. त्यांना तेवढ्यात स्वर्ग दिसला. मी त्यांच्याशी बोलत नाही.

कोकरांनाही रंगवलंत. एकही सोडलं नाहीत. शपथ कुणाची घेतली होतीस, आठव.

मेंढ्यांनी एकूण एक कोकरू टाकलं. हुंगायच्या, फुरफुरायच्या आणि ढुशी मारायच्या. रात्रंदिवस नुसतं बें बें. मी, माय आणि शेजारची चतुराबाई, आम्ही तिघींनी कोमट पाण्याने एकेक धुतलं. चुना लोकरीत घट्ट बसला होता, ओढला की कातडीसकट यायचा. चुना जिथे कासेला लागला होता तिथे कास फुटली, तिथे कोकराचं तोंड लागलं की मेंढी किंचाळायची. ज्या मेंढीला दूध होतं तिचंच पिळून तिच्या कोकराच्या पाठीला चोळलं, शेपटीला चोळलं, दोघांना कोपऱ्यात कोंडलं आणि मागचा पाय धरून बसलो. मायचं वय सत्तर. ती दहा दिवस पाय धरून बसली.

चौदा कोकरं आयांना लागली. नऊ मेली. पुरताना एकेकाच्या अंगाला अजून गुलाबाचा वास येत होता.

तू मला पत्रात लिहिलं होतंस की खाटकाच्या शेळ्या बघून तुझ्या घशाखाली घास उतरला नाही. खाटीक बरा रे. त्याला कमीत कमी जनावर कशाने मरतं ते माहीत असतं.

भिवरा


मुंबई, २० जानेवारी १९९२

अक्का,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस कामावर गेलो नाही. तू म्हणशील ते खरं, पण माझंही ऐक.

काळी मेंढरं मॉनिटरवर नुसते डांबराचे गोळे दिसत होती. तोंड कळेना, पाय कळेना. शेटजी स्वतः आले होते. ते म्हणाले, मेंढरं ढगासारखी पांढरी पाहिजेत, नाही तर पॅकअप करा. मी नाही म्हणालो. त्यांनी मेकअपवाल्याला हाक मारली. मी कॅमेऱ्याशी होतो, माझं सगळं लक्ष हिरोईनकडे. कोकरं कुणी रंगवली, कधी रंगवली, मला पत्ता नाही. मी कोकरांकडे बघितलंसुद्धा नाही, अक्का. बघितलं असतं तर थांबवलं नसतं का?

मला इथल्या माणसांची किळस येते. पावडर लावलेली तोंडं, पावडर लावलेली गाणी. कॅसेट चैत्रात बाजारात येतेय. माझं नाव मोठ्या अक्षरांत टाकलंय. तुला त्याचं कौतुक वाटणार नाही, ते मला कळतं.

मल्हारी


पेडगाव, ११ मे १९९२

मल्हारी,

तुझी कॅसेट बघितली. दिनकररावांच्या पोराच्या लग्नात परभणीहून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ आणला होता. सगळं गाव मैदानात बसलं. मी जाणार नव्हते, पण माय हटून बसली. म्हणाली, दिसत न्हाई तर ऐकीन तरी.

पडद्यावर तुझं नाव आलं तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग ती बाई. घोंगडी तिने ओढणीसारखी घेतली होती आणि कंबर हलवत होती. माझ्या नवऱ्याच्या बापाची घोंगडी ती. आमच्यात नवरा-नवरीला जिच्यावर बसवतात, ती. तुझ्या दाजींनीच ती शूटिंगला काढून दिली होती. घरी येऊन मी ती तीनदा धुतली.

तिसरं गाणं लागलं. त्या बाईच्या मागे एक पांढरं कोकरू या मेंढीकडून त्या मेंढीकडे उड्या मारत होतं. एकीने उडवलं की दुसरीकडे, दुसरीने उडवलं की तिसरीकडे. अख्खं मैदान हसलं. लोक म्हणाले, पुन्हा लावा. पुन्हा लावलं. माय माझ्या शेजारी बसली होती. वाजंत्रीच्या आतून तिला बें ऐकू आलं आणि ती हळूच म्हणाली, 'भुकेलं हाय गं ते.' डोळ्यांनी धड दिसत नाही तिला, आणि तिला कळलं.

आता माझं ऐक. तू लिहिलंस की कोकरांकडे बघितलंसुद्धा नाही. मल्हारी, पडद्यावर आधी ती बाई होती. मग बाई बाजूला राहिली आणि कोकरू मोठं मोठं होत गेलं, पार त्याचं तोंड, त्याची जीभ दिसेपर्यंत. एवढं मलाही कळतं की कोकरू चालत टीव्हीजवळ आलं नाही. कॅमेरा त्याच्याजवळ गेला. आणि कॅमेऱ्याशी कोण होतं, ते तुझ्याच अक्षरात माझ्याकडे लिहिलेलं आहे.

चुना फासलास त्याचा राग एक वेळ गेला असता. हे खोटं कुठे ठेवू?

भिवरा


मुंबई, २ जुलै १९९२

अक्का,

बघितलं होतं. दीड महिना हे एवढंच वाक्य लिहायचा प्रयत्न करतोय.

मी फिल्टर बदलायला मान वर केली आणि ते दिसलं. कुठलं आहे, काय करतंय, मला एका क्षणात कळलं. आबाचा हात कानाखाली बसल्यासारखं झालं. आणि त्याच क्षणी मला हेही दिसलं की ऊन तिरपं आहे, धूळ सोनेरी आहे आणि ते फार सुंदर दिसतंय. मी कॅमेरा त्याच्याकडे नेला. मेंढीचा पाय धरायला गेलो नाही. यापेक्षा खरं माझ्याकडे काही नाही.

एडिटिंगच्या खोलीत शेटजींनी ते दहा वेळा बघितलं. 'कोकरू काय नाचतंय!' म्हणून मांडीवर थापा मारल्या. कॅसेट त्याच्यावरच खपली. कव्हरवर आता हिरोईन नाही, कोकरू आहे. दुसऱ्या कॅसेटमध्ये त्यांना प्रत्येक गाण्यात नाचरं कोकरू पाहिजे. मी तोंडावर सांगितलं, ते नाचत नाही, उपाशी आहे. शेटजी म्हणाले, मग उपाशी ठेव. भोवतीचे सगळे हसले.

मी नाही म्हणून उठलो, अक्का. काम गेलं तरी चालेल. सेलूला येऊन परत लग्नाचं शूटिंग करीन.

मल्हारी


पेडगाव, १५ जुलै १९९२
(पोस्टकार्ड)

मल्हारीस आशीर्वाद. पत्र पोचलं. खरं लिहायला उशीर केलास, पण लिहिलंस. नाही म्हणालास हे आबाच्या लेकासारखं केलंस. सेलूला आलास तर भाकरीला कमी पडणार नाही. दाजींशी मी परत बोलायला लागलेय. माय रोज विचारते, कधी येतो. ये.
अक्का


पेडगाव, २४ जानेवारी १९९४

मल्हारी,

दीड वर्षात तुझी दोन कार्डं आली, दोन्हींवर नुसती खुशाली. मी समजून घेतलं की काम गेल्यामुळे तोंड दाखवायची लाज वाटत असेल. हे पत्र आठवड्यापूर्वीच टाकायचं होतं, पण विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदोबस्तात एसट्या बंद होत्या आणि टपालही अडकलं होतं. बरं झालं. त्या दिवशी लिहिलं असतं तर शिव्या लिहिल्या असत्या.

संक्रांतीला सरजाचे सासरे, मुंजाजी पाहुणे, तिला घेऊन आले होते. जेवताना त्यांनी एक मजेची गोष्ट म्हणून सांगितलं. कार्तिकात चारठाण्याला जुन्या देवळांपाशी मुंबईची माणसं गाण्याचं शूटिंग करायला आली होती. तात्यारावांचा कळप घेतला. रंगबिंग काही फासला नाही. त्यांचा एक दाढीवाला साहेब होता, काळा चष्मा, सारखं हिंदी बोलणारा. त्याने खिशातून अत्तराची कुपी काढली, सहा कोकरं निवडली आणि आपल्या हाताने त्यांच्या पाठीला, शेपटीला अत्तर चोळलं. तात्याराव अडवायला गेले तर म्हणाला, घाबरू नका, आता ही दोन तासांत नाचायला लागतात.

मी म्हटलं, असेल कुणी. दुनियेत हलकट काय कमी आहेत?

मग पाहुणे म्हणाले, 'पर येक नवल सांगतो. कळप बिथरून वढ्याकडं निघाला. तात्यारावाला ऐकंना. तवा त्या सायबानं जीभ टाळूला लावून दोन बारी टर्रर्र केलं आन् मंग लांब शीळ घातली. कळप जाग्यावर हुबा. मुंबईच्या मानसाला हे कुटून यायलंय?'

माय जेवत होती. तिचा हात ताटातच थांबला. आबाची हाक ती. पेडगावात दुसऱ्या कुणाची अशी नाही. ती आबाने मला शिकवली, तुला शिकवली.

पाहुणे तुला ओळखणार कसे? सरजाच्या लग्नाला तू आलाच नव्हतास. भाचीच्या गावात दोन दिवस राहिलास आणि तिच्या उंबऱ्याला पाय लावला नाहीस. सहातली चार कोकरं मेली. ती धुवायची कशी, आईला लावायची कशी, हे त्या सगळ्या माणसांत एकट्या तुलाच माहीत होतं आणि तू गाडीत बसून निघून गेलास.

पहिल्या वेळी तुम्हाला पांढरी मेंढरं पाहिजे होती, कोकरं मेली ती त्यापायी मेली. या वेळी तुला कोकराची भूकच पाहिजे होती. नऊ वर्षांच्या वयात रडून जे शिकलास त्याचा तू धंदा केलास. मला तुझी किळस येते. हा शब्द तू मला पत्रात दुसऱ्यांसाठी लिहिला होतास. आज मी तो तुला पाठवते.

भिवरा


मुंबई, ९ मार्च १९९४

अक्का,

तो मीच होतो.

तीन महिने मी नाही म्हणत होतो. मग कंपनीने दुसरा डायरेक्टर घेतला. त्याला काही जमेना, तो कोकरांना काठीने नाचवायचा. मी मनाशी म्हटलं, त्यापेक्षा मी केलेलं बरं, मला निदान नंतर धुता येतं, पाय धरून आईला लावता येतं. असं म्हणून गेलो. चारठाण्याला पाणी तापवायलाही सांगितलं होतं. पण ऊन उतरेपर्यंत शूटिंग चाललं आणि सेलूहून रात्रीची गाडी पकडायची होती. पाणी चुलीवर तसंच राहिलं. सरजाचं घर देवळाच्या मागेच आहे, ते मी विचारून घेतलं होतं. तिकडे बघायचं टाळत होतो.

आता माझ्या पाच कॅसेटी आल्यात. इथे मला कोकरूवाला डायरेक्टर म्हणतात. मागच्या महिन्यात हार घालून सत्कार झाला. हारात गुलाब होते. मी मोरीत जाऊन ओकलो आणि तोंड धुऊन परत स्टेजवर बसलो. तुला वाटेल, सहानुभूतीसाठी लिहितो. तसंही असेल. मी मलाच आता ओळखू येत नाही.

दाजींचं कार्ड आलं की मायचे डोळे पुरते गेले. एकदा तिला भेटू दे. चैत्रात येऊ का?

मल्हारी


पेडगाव, २१ मार्च १९९४

मल्हारी,

करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असं तुझं पत्र आहे. तरी मायला वाचून दाखवलं, शब्द न गाळता. ओकलास तेही वाचलं. तिने पत्र माझ्या हातून घेऊन चाचपलं. मग म्हणाली, 'त्याला म्हनावं, ये. येताना वाटंत जेवू नगं, मी पिठलं करायला सांगते.'

मी तिला म्हटलं, माय, त्याने काय केलं ते कळलं ना तुला? ती म्हणाली, 'कळलं. मी काय मेंढी हाय का, वास आला म्हून लेकरू टाकायला?'

तेव्हा ये. ती आता हाताने चाचपून माणूस ओळखते. तुझं तोंड चाचपेल, दाढीला हसेल, आणि तुला पोटाशी धरेल. तुझ्या अंगाला कसलाही वास येत असला तरी धरेल. तुझा तो हक्क मी काढून घेणार नाही आणि मला काढताही येणार नाही.

पण मी माय नाही. स्टेशनवर घ्यायला कुणी येणार नाही. घराच्या पुढच्या दारी लिंबाखाली बाज टाकून ठेवीन, मायला तिथे आणून बसवीन, पिठलं-भाकरीही तिथेच आणून देईन. तिच्याशी पाहिजे तितका वेळ बोल.

मागच्या अंगाला मेंढवाड्याकडे मात्र यायचं नाही. परवाच सहा कोकरं झालीत.

भिवरा